मोठ्या स्पर्धेत हरण्याचा ठराव

ते पत्रक मी चाळीस मिनिटांत लिहिलं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आज त्यातलं एखादं वाक्य आठवलं तरी मान खाली जाते.

मी जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होते. भूकंप आणि त्सुनामीला काही वर्षं होऊन गेली होती, तरी किनाऱ्याकडची माणसं अजून तात्पुरत्या घरांत राहत होती. दोन खोल्या, पातळ भिंती, शेजारच्याचा खोकला आपल्या घरात. त्यांच्यासाठी दर शनिवारी आम्ही सातआठ जण स्टेशनसमोर उभे राहून पत्रकं वाटायचो. पत्रक कसं लिहायचं ते मी तिथे शिकले. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत तो कुणी केला, शेवटी आता काय करायचं. मध्ये शंकेला जागा ठेवायची नाही. आईबाबा तिकडे टोकियोजवळच्या उरायासुला होते. बाबा पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आले ते तिथेच राहिले. फोनवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, अगं तू इंजिनिअरिंगला गेलीयस की मोर्चे काढायला.

आणि मी बास्केटबॉल खेळायचे. म्हणजे क्लबात होते. शनिवारचा सराव पत्रकांपायी बुडायचा, म्हणून बहुतेक वेळ बेंचवर असायचे. आम्ही सगळ्या मिळून आठ जणी. पाच पहिल्या वर्षाच्या, मी धरून तिसऱ्या वर्षाच्या दोघी, आणि चौथ्या वर्षाची एकटी कॅप्टन. तिच्या बरोबरीच्या मुली नोकऱ्या शोधायला लागल्या तशा क्लब सोडून गेल्या. ही मुलाखतीच्या काळ्या कोटावरच सरावाला यायची आणि कोपऱ्यात कपडे बदलून सगळ्यांच्या आधी फरशी पुसायला घ्यायची.

जपानात कॉलेजच्या क्लबाची एक रीत आहे. चौथ्या वर्षाच्या खेळाडूंची एक शेवटची स्पर्धा ठरलेली असते. त्यात ज्या दिवशी हरलात त्या दिवशी तुम्ही क्लबातून निवृत्त. दुसऱ्या दिवसापासून बूट कपाटात. आमच्या कॅप्टनने चार वर्षांत नोंद होणारा एकही सामना जिंकला नव्हता. सरावाचे जिंकले होते, पण ते कुणी मोजत नाही.

त्या वर्षी आम्हाला एकाच शनिवार-रविवारची दोन पत्रं आली. एक मोठ्या विभागीय स्पर्धेचं. वरच्या गटातल्या एका संघाने माघार घेतली होती आणि रिकामी जागा तुम्ही घ्याल का असं आम्हाला विचारलं होतं. आम्ही तिथे पहिल्याच सामन्यात हरणार हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक असावं. दुसरं पत्र किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाचं. त्सुनामीनंतर कित्येक महिने ज्या व्यायामशाळेत लोक झोपले होते ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडणार होती, त्या निमित्ताने सहा लहान कॉलेजांची स्पर्धा. दुपारी गावातल्या बायका सगळ्यांसाठी सूप करणार होत्या. सहापैकी दोन संघांना आम्ही सरावात हरवलं होतं. कप आमच्या आवाक्यातला होता.

माझं डोकं फिरलं ते त्या दुसऱ्या पत्राबरोबरच्या पोस्टरने. सूर्य, चेंडू, आणि खाली पुन्हा उभे राहू या अशा अर्थाची ओळ. मला वाटलं, लोकांना घरं द्यायची सोडून हे कप वाटतायत, आणि आम्ही तिथे जाऊन फोटोत हसायचं. मी तिथेच बसून लिहायला घेतलं. जिंकता येईल अशी स्पर्धा शोधून काढणं म्हणजे खेळणं नव्हे, असं लिहिलं. मोठ्या स्पर्धेतली पहिल्या दिवशीची हार लहान स्पर्धेतल्या कपापेक्षा प्रामाणिक असते, असं लिहिलं. आणि शेवटी: ज्यांना कपाबरोबर फक्त फोटो हवा आहे त्यांनी तसं सरळ सांगावं. हे शेवटचं वाक्य कुणासाठी होतं हे आठ जणींच्या क्लबात सांगावं लागत नाही.

कुठे जायचं हे ठरवायचा हक्क रिवाजाने कॅप्टनचा. मी तोही मोडला. वरच्या वर्गातल्या मुलीला इथे सेंपाई म्हणतात आणि सेंपाईच्या शब्दापुढे कुणी जात नाही. मला त्याची पहिल्यापासून चीड. म्हटलं, मतदान घ्या. प्रत्येकीला एक मत. माझं पत्रक मी पहिल्या वर्षाच्या पाचही मुलींच्या हातात आदल्या दिवशीच ठेवलं होतं.

क्लबाच्या खोलीत आम्ही गोल बसलो. कॅप्टनच्या हातात माझं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं.

"मला लहान स्पर्धेला जायचंय," ती म्हणाली. "मला एकदा जिंकून बघायचंय."

"तेच तर लिहिलंय मी," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. मग हात वर करायला सांगितले. मोठ्या स्पर्धेसाठी सहा हात, एक माझा आणि पाच पहिल्या वर्षाच्या मुलींचे. मला वाटलं, मी पटवून दिलं. मी लोकशाही आणली. त्या पाच जणी हात वर करताना पत्रकाकडे बघत नव्हत्या, कॅप्टनकडेही नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांची सेंपाईच होते की. रोज सरावाला भेटणारी, बुटांची लेस कशी बांधायची ते दाखवणारी, आणि कागद हातात देऊन वाचा म्हणणारी. कॅप्टन त्यांच्यापासून तीन वर्षं लांब, मी दोनच. त्यांनी जवळच्या सेंपाईचं ऐकलं. ज्या गोष्टीविरुद्ध मी ओरडत होते तिच्याच जोरावर मी जिंकले, आणि ते मला कळलंसुद्धा नाही.

कॅप्टनने मतं दोनदा मोजली आणि विभागीय स्पर्धेचा फॉर्म त्याच दिवशी भरून पाठवला.

स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी तापाने घरी राहिली. आम्ही सात जणी गेलो. बरोबर आमचे प्राध्यापक, नावाला प्रशिक्षक, विषय भौतिकशास्त्र. सामना सुरू झाल्यावर दहा मिनिटांतच मला समजलं की मी जिला प्रामाणिक हार म्हणत होते ती मी कधी पाहिलेलीच नव्हती. मी मनात जी हार रंगवली होती तिच्यात घाम होता, झुंज होती, शेवटी दोन्ही संघ एकमेकांना मान देतात वगैरे. इथे समोरच्या मुली बास्केट झाल्यावर टाळीसुद्धा देत नव्हत्या. दुसऱ्या क्वार्टरला त्यांनी आपल्या नवख्या मुली उतरवल्या. त्यांची प्रशिक्षक त्यांना हळू आवाजात एकेक चाल सांगत होती आणि त्या ती आमच्यावर घोटून घेत होत्या. आम्ही त्यांचा सराव होतो.

त्याच क्वार्टरमध्ये मी चार मिनिटं खेळले. माझ्या हातातून तीनदा चेंडू काढून घेतला गेला. तिसऱ्यांदा काढून घेणारी मुलगी मला सॉरी म्हणाली. मनापासून म्हणाली.

मी बेंचवर आले आणि डाव्या बुटाची लेस सोडून बसले. का सोडली ते मला तेव्हा माहीत नव्हतं असं आता म्हणायला आवडेल. माहीत होतं.

तिसऱ्या क्वार्टरला आमची एक मुलगी पाच फाउल होऊन बाहेर गेली, तिच्या जागी दुसरी गेली. बेंचवर उरले मी एकटी. कॅप्टन एक मिनिटही बाहेर आली नव्हती. चौथ्या क्वार्टरला तिच्या पोटरीत गोळा आला. खेळ थांबला की ती वाकून मुठीने पोटरीवर मारायची आणि पुन्हा पळायची. गुणफलकावर आमचे सव्वीस होते, त्यांचे ऐंशीच्या वर. प्राध्यापक माझ्याकडे वळले आणि कॅप्टनच्या जागी जा म्हणाले.

मी म्हणाले, "सर, पाय मुरगळलाय."

पाय मुरगळला नव्हता. पायाला काहीही झालेलं नव्हतं. मला तिथे पुन्हा उभं राहायचं नव्हतं, एवढंच. ज्या हारेसाठी मी सहा मतं गोळा केली होती तिच्यातली सहा मिनिटं माझ्या वाट्याला आली आणि ती मी घेतली नाहीत. प्राध्यापकांनी मान डोलावली. त्यांना मुरगळलेल्या पायातलं काही कळत नव्हतं. कॅप्टनने मैदानातून एकदा बेंचकडे बघितलं, माझ्या सोडलेल्या बुटाकडे बघितलं, आणि चेंडू आत टाकायला गेली.

अठ्ठ्याण्णव–एकतीस. शिट्टी झाली, आम्ही रांगेत उभं राहून वाकलो, आणि कॅप्टन निवृत्त झाली.

पण तेवढ्याने सुटका होत नाही. हरलेल्या संघाने थांबून पुढच्या सामन्याचं टेबल सांभाळायचं असा तिथला नियम. गुण लिहायचे, घड्याळ चालवायचं, फलक बदलायचा. मी पण उठले. कॅप्टन म्हणाली, तू बस. तिने डब्यातून बर्फ आणला, पट्टीचं बंडल आणलं, माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. तिचा स्वतःचा पाय तेव्हाही थरथरत होता. तिने माझा मोजा काढला, घोट्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला. मग व्यवस्थित पट्टी बांधली, वर बर्फाची पिशवी ठेवली आणि टेबलाकडे गेली. परक्या दोन संघांचा एकेक गुण तिने पूर्ण सामनाभर नीट अक्षरात लिहिला. मी धडधाकट पायावर बर्फ धरून बघत बसले. चांगल्या पायाला बर्फ फार लागतो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचा कप आम्ही सरावात दोनदा हरवलेल्या कॉलेजने जिंकला. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने फोनवर फोटो दाखवला आणि लगेच फोन खिशात टाकला.

मी दहा दिवस लंगडले. सकाळी उठल्यावर कुठला पाय ते आधी आठवायला लागायचं. आईला खोटंच सांगितलं होतं, तर तिने उरायासुहून आंबेहळदीची पुडी पाठवली आणि व्हिडिओ कॉलवर लेप लावून दाखव म्हणाली. "बघू, सूज उतरली का गं?" उतरलीय म्हटलं.

पुढच्या शनिवारी स्टेशनसमोर तात्पुरत्या घरांत राहणाऱ्या एक आजी भेटल्या. आमची पत्रकं त्या नेहमी घ्यायच्या. यावेळी म्हणाल्या, तुम्ही पण खेळता ना, मग आमच्याकडे का नाही आलात? आम्हीच मागे लागून ती स्पर्धा भरवून घेतली, दिवसभर नुसतं ओरडायला मिळालं. मी त्यांच्या हातात पत्रक दिलं.

मग कॅप्टनचा निरोपसमारंभ झाला, कॉलेजजवळच्या एका खानावळीत, दुपारचा. निवृत्त होणाऱ्या मुलीला जाड चौकोनी पुठ्ठ्यावर सगळ्यांनी दोन ओळी लिहून द्यायच्या असतात. पुठ्ठा माझ्याकडे आला. चाळीस मिनिटांत पानभर लिहिणारी मी, पेन धरून बसले. शेवटी सगळ्या लिहितात तेच लिहिलं, आपण खूप कष्ट घेतलेत.

बाहेर पडल्यावर आम्ही दोघी सायकली हातात धरून चालत होतो. मी सांगून टाकलं. पाय मुरगळला नव्हता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मुरगळलेला पाय गरम लागतो. तुझा गार होता."

मी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत. ती म्हणाली, पुढच्या वर्षी क्लबात सगळ्यात मोठ्या तुम्ही दोघीच, आणि त्या पाच जणी तुझंच ऐकतात. पाच मुलींसमोर तुला उघडं पाडून मी घरी गेले असते, मग त्यांना सरावाला कुणी आणलं असतं? मी म्हटलं, मी स्वतः सांगते त्यांना सगळं, लिहून देते. ती थांबली.

"सांग. पण पत्रक काढू नकोस. तुझ्या पत्रकाला कुणी उलट उत्तर देत नाही."

मला तिच्याकडून आणखी एक ऐकायचं होतं. इतक्या मोठ्या संघाविरुद्ध चाळीस मिनिटं खेळायला मिळालं, तेही काही कमी नाही, असं ती म्हणेल आणि मी जरा मोकळी होईन अशी मला आशा होती. म्हणून विचारलं, आता पुन्हा ठरवायचं झालं तर तुम्ही कुठली स्पर्धा घ्याल.

"लहान," ती म्हणाली. "त्या दिवशीही लहानच म्हणाले होते."

आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं, असं मला वाटेल इतकं साधं बोलली. चौकात ती डावीकडे गेली. तिला शहराबाहेरच्या एका कचेरीत नोकरी लागली होती, बास्केटबॉलचा संघ नसलेल्या.

मुलींना मी तोंडी सांगितलं. पाचही जणी वाकल्या आणि, सांगितल्याबद्दल आभारी आहोत म्हणाल्या. त्याहून त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण सेंपाईला शिव्या देत नाहीत.

लहान स्पर्धा जिंकणं चांगलं की मोठीत लवकर हरणं, यावर माझ्याकडे आता मत नाही. ज्याचा सामना शेवटचा आहे त्याने ते सांगावं. मी अजून पत्रकं लिहिते, चिडूनच लिहिते. मतदान असलं की चिठ्ठ्या टाकायला सांगून खोलीबाहेर जाऊन उभी राहते. त्याने तिला तो शनिवार परत मिळत नाही.