निळ्या थरातला चेहरा

"राख वरून गार दिसते, हात घालून बघ," असं आमची आत्या येता-जाता म्हणायची. दूध उतू गेलं तरी म्हणायची, कुणी माफी मागायला आलं तरी म्हणायची. ऐकणारे हसायचे. मला त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नाही.

सतराव्या वर्षी तिनं कॉलेजच्या अर्जासाठी फोटो काढला. गालभर मुरमं होती. स्टुडिओवाल्यानं बारीक ब्रशनं चेहरा गुळगुळीत करून दिला, आणि तिला न विचारता दोन्ही फोटो दुकानाच्या काचेत लावले. एकाखाली लिहिलं 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. ती ते काढायला सांगायला गेली.

"अगं पोरी, तुझ्यामुळं दुकान चालतंय माझं," तो गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. "मिरवायचं सोडून रडतेस काय?"

नऊ वर्षं ते फोटो तिथं होते. उन्हानं विटले तरी होते. रस्त्यानं जाताना पोरं तिला 'आधी' म्हणून हाक मारायची. मुरमं दोन वर्षांत गेली. हाक राहिली.

पुढं माझ्या वडिलांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर ती फोटोचं काम शिकली. सॉफ्टवेअर फुकटातलं, गुरू कुणी नाही. रंगीत फोटो काळा-पांढरा करण्यात तिचा हात बसला. एका बटणानं रंग उडवणं तिला आळशाचं काम वाटे. रंगीत फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन थर: लाल, हिरवा, निळा. ती एकेक थर सुटा करून बघायची. लाल थरात माणसाची कातडी सायीसारखी दिसते, डाग विरघळून जातात. निळ्यात तेच डाग शाईसारखे वर येतात. म्हणून ती सगळ्यांना भरपूर लाल आणि नावाला निळा द्यायची. आमच्या गल्लीतल्या किती आज्या तिच्यामुळं भिंतीवर देखण्या झाल्या, त्याला गणती नाही.

ती साठीला टेकली तेव्हा वाचनालयाचे चिटणीस आले. स्टुडिओवाला आता तिथला मावळता अध्यक्ष होता, आणि दालनात आजवरच्या अध्यक्षांचे फोटो काळे-पांढरेच होते.

"ताई, त्यांचा हात आता थरथरतो," चिटणीस म्हणाले. "त्यांनीच सांगितलं, काम तुमच्याकडंच द्या."

"माझी आठवण आहे म्हणायची," आत्या म्हणाली.

दुपारी मी तिच्याशेजारी बसले होते. तिनं आधी त्याच्या रंगीत फोटोचा लाल थर उघडला. म्हातारा राजबिंडा दिसला.

"किती छान," मी म्हणाले.

"छानच," ती म्हणाली, आणि तो थर बंद केला. निळा ठेवला. नाकावरच्या शिरा, कपाळावरचे वांग, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं नांगरलेल्या रानासारखं उघडं पडलं.

"आत्या, चाळीस वर्षं झाली."

"बेचाळीस."

"म्हातारा माणूस आहे गं."

"मग? मी एक टिंब घातलं नाही, एक काढलं नाही. जे आहे ते त्याचंच आहे." तिनं चष्मा पुसला आणि छपाईला पाठवलं, हातभर मोठं.

समारंभाला दालन भरलं होतं. पडदा बाजूला झाला. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"हा कोण?" स्टुडिओवाला म्हणाला.

"तुम्ही, काका," आत्या पहिल्या रांगेतून म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं, खूप वेळ बघितलं. मग जुनं काही आठवल्यासारखा गालावर हात नेला. "उतरवा तो," तो चिटणिसांना म्हणाला.

"साहेब, लावलेला फोटो वार्षिक सभेच्या ठरावाशिवाय उतरवता येत नाही. नियम तुमच्याच काळातला."

"सभा कधी आहे?"

"गेल्याच आठवड्यात झाली."

त्याच्या बायकोनं पर्समधून चष्मा काढला, फोटोजवळ जाऊन नीट निरखलं. "काय बिघडलंय यात? मी तर रोज हेच बघते," ती म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं दालन हसलं. आत्या हसली नाही. ती हे सगळं जेवायला बसल्यासारखी सावकाश ऐकत होती.

हसणं ओसरल्यावर ती उठली, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून फाटकाकडं चालू लागली. पाय जराही घाईत नव्हते. लोक भिंतीकडं बघत होते. तिच्याकडं एकटी त्याची बायको बघत होती, दारात उभी राहून, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.