पैकीच्या पैकी

कागद समोर आला की बाई आधी डावा तळहात त्यावर आडवा धरायच्या आणि मगच पेन उघडायच्या. डॉक्टरांचा फॉर्म असो की सामानाची यादी, रीत तीच. शेजारच्याची मान जरा वळली की लगेच, "आपापल्या कागदात बघा." बत्तीस वर्षं साताऱ्यात गणित शिकवलेलं. त्यामुळे समोरचा माणूस सत्तरीचा असला तरी बाईंच्या लेखी तो आठवीतच होता. माझाही वर्ग कधी त्याच्या वर गेला नाही.

तुमच्याही आयुष्यात अशा एक बाई होऊन गेल्या असतील. आमच्या नशिबी त्या न्यूझीलंडमध्ये आल्या, वायकाटोतल्या एका लहान गावात. दुधाचा कारखाना आहे आणि हॅमिल्टन जवळ आहे म्हणून इथे वीस-पंचवीस मराठी घरं जमली आहेत. बाई मुलीकडे राहायच्या, बरोबर यजमान, म्हणजे आमचे आप्पा. आप्पांची स्मृती जात चालली होती. सकाळी उठून, इस्त्रीचा शर्ट घालून ते साताऱ्याची एसटी पकडायला निघायचे.

काउन्सिलचा एक जुना लाकडी हॉल होता. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे आप्पांसारख्यांसाठी दिवसभराचं केंद्र चालायचं. बाकीचे आजी-आजोबाही आपले पत्ते, भजनं आणि सुनांच्या तक्रारी घेऊन तिथेच येऊन बसायचे. आप्पा खुर्च्या मांडायचे. पन्नास खुर्च्या ओळीत लावायच्या, उचलायच्या, पुन्हा लावायच्या. तिथे त्यांना एसटी आठवायची नाही. बाईंना आठवड्यातून तेवढे दोनच दिवस डोळ्याला डोळा लागायचा.

मग हॉल विकायची टूम निघाली. काउन्सिलात निम्मे विका म्हणणारे, निम्मे नको म्हणणारे, आणि एक सभासद वारल्यामुळे नेमकी एक जागा रिकामी. पोटनिवडणूक लागली. जोआन नावाची निवृत्त नर्स हॉल वाचवायला उभी राहिली. विरुद्ध एक कायम टाय लावणारा गृहस्थ, विकण्याच्या बाजूचा. आणखी दोघे होते, पण ते नावापुरते. जोआन आली तर हॉल राहणार, टायवाला आला तर जाणार, इतकं ते सरळ होतं.

बाई प्रचाराला लागल्या आणि मलाही धरून नेऊ लागल्या. "दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतोस, तेवढंच चालणं होईल." पंजाबी ड्रेसवर मुलीचं जाड जॅकेट आणि पायमोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून त्या दारोदार फिरायच्या. दार उघडलं की "किया ओरा", हा इथला माओरी नमस्कार, आणि त्यापुढे लगेच, "युवर व्होट इज अ सीरियस मॅटर." एका घरातून टॉग्ज, म्हणजे पोहायची चड्डी, घातलेला माणूस ओलेताच बाहेर आला. बाईंनी त्याला मराठीतच सांगितलं, "आधी अंग पुसून या, मी थांबते." आणि तो गेला की पुसायला!

इथे नागरिक नसलात तरी कायम राहण्याचा परवाना असला आणि वर्ष झालं की मत देता येतं. याचं बाईंना फार अप्रूप. आजी-आजोबांची नावं यादीत घालायला त्या घराघरांत जाऊन बसल्या. "नुसती नातवंडं सांभाळायला आलात का? मत द्या." माझी आई त्यांची लाडकी विद्यार्थिनी. तिने पहिल्याच दिवशी फॉर्म भरला.

उमेदवारांची सभा हॉलमध्येच झाली. त्यांचं भरधाव इंग्रजी आमच्या मंडळींना ओ की ठो कळलं नाही. बाईंनी मागे उभं राहून सगळं मराठीत सांगितलं आणि मग घरून काढून आणलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठी हुबेहूब मतपत्रिकेसारखी, चार नावं आणि समोर चार रिकामे चौकोन. खरी पत्रिका आल्यावर कोणी बावचळू नये म्हणून ही मेहनत. "ऐकलंत ना सगळं? आता प्रत्येकाला दहापैकी मार्क द्या. विचार करून द्या." सगळ्यांनी तळहात आडवे धरून मार्क दिले. जोआनला एकमुखाने पैकीच्या पैकी.

खऱ्या पत्रिकेत मार्क नसतात, क्रम असतो, सगळ्यांत आवडत्यासमोर एक लिहायचा, मग दोन, मग तीन, हेही बाईंनी शेवटी सांगितलं. पण तोवर समोसे आले होते.

पत्रिका पोस्टाने घरी आल्या. आई जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली. मी मदतीला वाकलो तर तिने कागद झाकला. "बाईंनी बजावलंय, मुलांना दाखवायचं नाही." मतदान गुप्त म्हणजे गुप्त, असं त्यांनी खरंच घरोघर सांगून ठेवलं होतं. मला आईचं कौतुक वाटलं आणि मी उठून गेलो. त्या उठून जाण्याचा मला आजही राग येतो.

मुदत शनिवारी दुपारी संपली. संध्याकाळी आम्ही सगळे निकालासाठी हॉलमध्ये जमलो. जोआनने केक आणला होता आणि आप्पांनी खुर्च्या मांडल्या होत्या. साडेसहाच्या सुमाराला तिच्या फोनवर आकडे आले. तिने ते दोनदा वाचले. टायवाला निवडून आला होता, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच मतांनी. जोआन रडली नाही. सगळ्यांना मिठ्या मारत "थँक यू, यू गाइज डिड हीप्स", म्हणजे फार केलंत, असं म्हणत राहिली. आमच्यातलेच दोघे-तिघे रडले.

"असं कसं झालं पण?" आई म्हणाली. "मी तर तिला दहा दिले. पैकीच्या पैकी. आणि त्या टायवाल्याला जिवावर येऊन एक."

मला समजायला थोडा वेळ लागला. बाईंना अजिबात लागला नाही. चार जणांच्या पत्रिकेत दहाला काही अर्थच नव्हता, आणि एक म्हणजे पहिली पसंती. माझ्या आईचं मत टायवाल्याला गेलं होतं.

बाई उठल्या. वर्गात विचारतात तशा सुरात त्यांनी विचारलं, "मार्क कोणी कोणी दिले? हात वर करा."

एकेक हात वर येऊ लागला. मोठ्या अभिमानाने येत होता. कुलकर्णी आजोबांनी तर काठी उंचावली. सगळ्यांनी केला म्हणून आप्पांनीही हात वर केला. मी मोजत होतो. जोआन जितक्या मतांनी पडली त्याहून ते हात जास्त होते.

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. इतका पांढरा पडलेला चेहरा मी त्याआधी फक्त दवाखान्यात पाहिला होता. मग त्या म्हणाल्या, "शाब्बास. बरोबर लिहिलंत सगळ्यांनी. बाहेरची मतं कमी पडली आपल्याला. हात खाली."

बाहेर गाडीपाशी मी म्हटलं, "बाई, चूक तुमची नाही."

"चिठ्ठी कोणी काढली होती?" त्यांनी विचारलं. "मार्क आणि क्रम, प्रश्न दोन आणि चौकोन एकच ठेवला मी. पाचवीच्या पोरांनासुद्धा असा पेपर काढला नसता." आप्पांना गाडीत बसवून त्यांनी त्यांचा पट्टा लावला. "यांच्यापैकी कोणाला कधी सांगू नकोस. तुझ्या आईलाही नाही. या देशात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने काहीतरी केलंय." मी शब्द दिला.

हॉल विकला गेला. आता तिथे फरशांचं दुकान आहे. आप्पा सगळं विसरले, पण मंगळवार-शुक्रवार विसरले नाहीत. बाई त्यांना घेऊन समोरच्या बाकावर डबा खायला बसायच्या, पावसातही, एका छत्रीत. मी दोनदा गाडी थांबवली. "जा तू, ऑफिसला उशीर होईल," म्हणाल्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत.

एका दुपारी बाईंचा घरी डोळा लागला आणि आप्पा एसटी पकडायला निघाले. दुधाच्या टँकरवाल्याला ते हायवेच्या कडेला सापडले. त्यानंतर त्यांना हॅमिल्टनला, दाराला कुलूप असलेल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथे मराठी कोणालाच येत नाही. बाई रोज बसने जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. "सुटल्या बिचाऱ्या," असं कोणी तरी म्हणालं तेव्हा मला त्याचा कान पिळावासा वाटला. त्या सुटल्याबिटल्या नाहीत. त्या खचून गेल्या, आणि कशाने खचल्या हे गावात मला एकट्याला माहीत आहे. मला त्या फार आवडायच्या. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

परवा काउन्सिलच्या नव्या निवडणुकीच्या पत्रिका आल्या. आई पाकीट घेऊन स्वयंपाकघरात आली.

"बाईंनी शिकवलं तसंच ना रे? आवडेल त्याला पैकीच्या पैकी?"

मी भांडी विसळत होतो. पाणी बंद केलं.

"नाही आई. या वेळी काउन्सिलने पद्धत बदलली आहे. आवडेल त्याच्यासमोर एक लिहायचा."

"असं होय," आई म्हणाली. तिने पाकीट फोडायला घेतलं. "बाई असत्या तर त्यांनी आधीच सांगितलं असतं."