धोंडीचा केसपेपर

दुपारचे दोन. रात्रपाळी करून आले आहे, आंघोळ झाली आहे, वरणभात पोटात गेला आहे, आणि डोळे काही मिटत नाहीत. तेवीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईला कुठेही झोप लागायला हवी. मला पूर्वी स्टुलावर बसूनही लागायची. आक्का गेल्यापासून दुपारच्या झोपेनं माझ्याशी अबोला धरला आहे. शेजारी कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होताहेत. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड करते, तर भिंतीत केसपेपरची खिडकी आहे.

खिडकीआड आक्का बसली आहे. माझी थोरली बहीण, तीन वर्षांपूर्वी गेलेली.

“नाव?” ती विचारते.

“आक्का, मी गं. रत्ना.”

“पूर्ण नाव सांग. मागं रांग हाय.”

“रत्नप्रभा.”

“अर्थ?”

केसपेपरला नावाचा अर्थ कधीपासून लागायला लागला, हे विचारायचं त्राण माझ्यात नाही. “रत्नाचं तेज,” मी सांगते.

“झ्याक. आणि माझं?”

तिचं नाव धोंडी. तिच्या आधीचे दोघे भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून आईनं तिला धोंडा म्हटलं. मरणाला दगड उचलून न्यावासा वाटणार नाही, एवढाच हिशेब. ती जगली, म्हणून माझ्या वेळी घरच्यांना हौस सुचली. शेवटी दोघी दगडच की गं, असं म्हणून ती हसायची.

आता खिडकी नाही, मांडव आहे. ताटात तांदूळ पसरलेत आणि दाजी अंगठीनं त्यावर नवं नाव लिहिताहेत: मृणालिनी. आक्काच्या कपाळाला मुंडावळ्या आहेत, पण वय शेवटच्या दिवसाचं आहे, सत्तेचाळीस. हाताला सलाईन लावलेलं.

“कमळाची वेल,” ती म्हणते. “सासूबाईंनी पुस्तकात बघून काढलं. एवढं चांगलं नाव आपलं म्हणून सांगायला मला वरीसभर लाज वाटायची.”

पाहुण्यांच्या रांगेत औषधाच्या कुप्या बसल्या आहेत. अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन. सगळं पेनिसिलिनचं घराणं. त्यांचं बरं असतं, कुठंही गेल्या तरी नावाच्या शेपटाला घराणं राहतं.

आक्का नऊ वर्षांची असताना पेनिसिलिनच्या इंजेक्शननं तिचा गळा सुजला होता. डॉक्टरांनी केसपेपरवर लाल शाईनं लिहून दिलं, हे औषध पुन्हा कधीही नको. लग्न ठरलं तेव्हा आईनं तो कागद ट्रंकेत घातला. पोरीत खोट आहे असं कुणाला वाटायला नको. धोंडीचं जे काही होतं ते माहेरी राहिलं. आणि मला हे सगळं माहीत होतं.

“त्या दिवशी ते इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांनी तुला विचारलं होतं ना?” मी म्हणते.

“विचारलं की. मृणालिनीताई, कुठलं औषध सोसत नाही असं आहे का? मी म्हटलं, न्हाई. मृणालिनीला कुठं काय झालं हुतं? झालं ते धोंडीला.”

मला रडू येतं. स्वप्नातसुद्धा इतकं दमायला होतं, की रडताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो.

“दाजींनी मला फोन केला होता, आक्का. सहा वेळा. हेच विचारायला. मी रात्रपाळी करून झोपले होते, फोनचा आवाज बंद करून. सगळ्यांना मात्र सांगितलं की ड्युटीवर होते.”

“ठाव हाय.”

“मग शिव्या तरी घाल.”

“मला येळ न्हाई. रविवारी गिरिजाचं लगीन हाय.”

गिरिजा तिची मुलगी. लहानपणी अमॉक्सिसिलिनच्या गोड औषधानं तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. आक्कानं घरात पित्त म्हणून सांगितलं, खरं फक्त मला. आता तिचंही नाव सासरी बदलणार आहेत. तीन वर्षं मी तिला सांगायचं म्हणते आहे. पण ते सांगायचं तर ते मला कसं माहीत, तेही सांगावं लागेल, आणि मग आईचा कागद, आणि मग ते सहा फोन.

आम्ही शाळेच्या बाकावर बसलो आहोत. आक्का माझ्या युनिफॉर्मच्या खिशातलं लाल पेन काढते आणि माझा हात ओढून तळव्यावर लिहायला लागते. कागद हाताशी नसला की आम्ही नर्सा बीपी, ताप असंच टिपून ठेवतो.

“कागद ट्रंकेत जातो,” ती म्हणते. “हात कुठं ठिवशील?”

सव्वातीन. उशी ओली आहे. डाव्या तळव्यावर लाल अक्षरं आहेत, घामानं थोडी फुटलेली: गिरिजा. पेनिसिलिन नको. अक्षर कुणाचं ते मला सांगता येत नाही. पाटीवर माझा हात धरून तिनंच मला गिरवायला शिकवलं, त्यामुळे आमचं अक्षर एकच.

मी फोन लावते. पलीकडे बांगड्यांच्या दुकानातला गोंगाट आहे.

“मावशी? अगं, झोपली नाहीस?”

“झोपले होते,” मी म्हणते. “तुझी आई गेली त्या दुपारीही मी झोपलेच होते, गिरिजा. जरा बाजूला येऊन बस. तुला सगळं सांगते.”