बुणगे

आमच्या क्लबात बाकी सगळे गुजराती, मराठी असा मी एकटाच, म्हणून पानिपत मांडलं की मराठ्यांची बाजू न विचारता माझ्या गळ्यात पडते. उधन्याला एका मित्राच्या गोडाऊनमध्ये, मोठ्या टेबलावर, बोटभर उंचीचे सैनिक मांडून आम्ही दर रविवारी जुन्या लढाया खेळतो. पानिपत मी पाच वेळा हरलोय.

मला हरवतात ते बुणगे, म्हणजे सैन्यामागून चालणाऱ्या बायका, यात्रेकरू, दुकानदार. प्रत्येक डावात त्यांनाही धान्य द्यावं लागतं. ते संपलं की माझे फासे निम्मे होतात आणि उपाशी घोडदळ जागीच मरतं. बुणगे वाऱ्यावर सोडायची नियमात मुभा आहे. पण ती सगळी माणसं माझ्या बायकोने रंगवलीत, अगदी साड्यांच्या काठांसकट. अब्दाली खेळणारा मित्र म्हणायचा, "छोडी दे ने यार, रमकडां छे!" त्यांना खेळणी म्हटलं की मी भडकायचो.

गेल्या रविवारी धान्य पुन्हा संपत आलं. मी अगदी रडकुंडीला आलो. हरून हरून इतका विटलो होतो, की सगळे बुणगे हाताने टेबलाच्या कडेला सारले आणि उरलेलं सैन्य घेऊन तुटून पडलो. जिंकलो! टाळ्या पडल्या. नाचतच घरी आलो.

बायकोने नेहमीसारखी सैनिकांची पेटी उघडली. "अहो, माझी माणसं कुठायत?"

पेटीत घोडे होते, तोफा होत्या, हत्तीसुद्धा होता. बुणगे टेबलाच्या कडेलाच राहिले होते, आणि डिंडोलीला घरी पोहोचेपर्यंत मला त्यांची आठवणही झाली नव्हती.