परलोकाचा माल तपासणारे व्याही

सर्वसाक्षी, सर्वांतर्यामी परमेश्वरास वंदन करून, आमच्या व्याह्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हे चार शब्द लिहितो. पृथ्वीवर राहून स्वर्गाच्या कारभाराची एवढी काळजी वाहणारा दुसरा मनुष्य मी पाहिलेला नाही.

त्यांची कन्या माझी स्नुषा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करण्यात त्यांची हयात गेली. जगातील यच्चयावत् वस्तूंचे त्यांच्या लेखी तीनच प्रकार : ओके, रिवर्क म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा, आणि रिजेक्ट. सकाळची पोळी, जावयाचे अक्षर, शेजाऱ्याने लावलेली गाडी, कोणालाही यातून सूट नाही. मुलांच्या लग्नात मी स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणत होतो. मुहूर्त टळेल या भीतीने एक चरण गाळला. संस्कृताचा गंध नसलेले हे गृहस्थ छापील कागदावर बोट ठेवून उभे होते. अक्षता तशाच मुठीत धरून पुढे आले आणि मला, आपल्या व्याह्याला, त्यांच्या बोलीत म्हणाले, “इवाई, एक ओळ कमी भरली. रिवर्क!” मुकाट्याने मी तो चरण म्हटला, तेव्हा कुठे त्यांच्या अक्षता पडल्या.

निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, तेव्हा दूरदर्शनसंचावर त्यांना परलोक सापडला. परदेशातील कुठलीशी विनोदी मालिका, हिंदीत बोलणारी. मेलेली माणसे एका कचेरीत बसलेली असतात, दर भागात एकाची परीक्षा होते आणि मग दार उघडते किंवा उघडत नाही. मरणोत्तर प्रवासाविषयी पुराणांत मी जे वाचले, त्यात हसण्याजोगे फारसे नाही. तरीही रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. निकाल लागण्याच्या क्षणी ते चित्र थांबवीत आणि प्रत्येकाचे मत घेत. मी कर्मविपाक सांगू लागलो की म्हणत, “इवाई, कारण नंतर. आधी निकाल बोला.” विहीणबाई सर्वांना सरसकट ओके देत. “मेलेल्या माणसाला आणखी काय नापास करायचं?” हे त्यांचे तत्त्वज्ञान.

मंडळीत चौथे होते कन्नड गावचे मिस्त्री. एके काळी त्याच कारखान्यात लेथवर होते. पुढे काम सुटले आणि कन्नडला त्यांनी मोटारपंप दुरुस्तीचे दुकान टाकले. रविवारी चिकलठाण्याला लेकीकडे येत, दुपारी इकडे.

त्या रविवारची परीक्षा अशी होती. एका माणसास स्वर्गात जागा मिळालेली आहे. ज्या काट्यावर दुसऱ्या एकाचे पुण्य तोलून त्याला बाहेर घालवले, तो काटाच सदोष होता, हे फक्त याला ठाऊक आहे. विचारले कोणीच नाही. याने सांगावे काय?

व्याह्यांनी चित्र थांबवले. मिस्त्री म्हणाले, “साहेब, सांगून काय उपेग? गेला तो गेला. बसू द्या की गड्याला. ओके.”

“रिजेक्ट!” व्याही ओरडले.

“लई कडक बाबा तुम्ही. तुमचं कधी काय चुकलंच नसंल.”

मिस्त्री हसत होते. व्याही हसले नाहीत. त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, “मिस्त्री, तुमचा लॉट आठवतो? ज्याच्यावरून तुम्हाला परमनंट केलं नाही, तो. तुमचं काम बरोबर होतं. छिद्राचं माप तपासायचा माझा गेज झिजला होता. बरोबर छिद्रात जो शिरायला नको, तो झिजून बारीक झाल्यामुळे शिरत होता; मला वाटलं, छिद्रंच मोठी. म्हणून मी सगळा माल रिजेक्ट केला.”

“कवा कळलं तुम्हाला?”

“त्याच आठवड्यात.”

“त्याच आठवड्यात,” मिस्त्री हळूच म्हणाले आणि उठले. विहीणबाई म्हणाल्या, “भाऊजी, चहा तरी...” “नगं वहिनी,” एवढेच बोलून ते निघून गेले. त्या भागाचा निकाल काय लागला, हे आजतागायत आम्हांस ठाऊक नाही.

तीन रविवार मिस्त्री आले नाहीत. चौथ्या आठवड्यात व्याह्यांनी मला सोबत घेतले आणि आम्ही एसटीने कन्नडला गेलो. बाजाराचा दिवस होता. मिस्त्री दुकानात पंप खोलून बसले होते. वर न पाहता म्हणाले, “मला सांगून झालं. आता हिला सांगा. माझ्या हातात कसब नाय, असं ही आजवर म्हणती.”

दुकानाच्या पायरीवर त्यांची पत्नी बसली होती. व्याह्यांनी हात जोडले आणि भर बाजारात, लोक थांबून ऐकत असता, गेजची सारी हकीकत पहिल्यापासून सांगितली. एक शब्द गाळला नाही.

त्या माउलीने पदर सावरला. “म्हंजे इतकी वर्सं मी ह्यांना उगंच बोलले व्हय?”

“त्याचं रिवर्क कसं करायचं, ते इचार साहेबाला,” मिस्त्री म्हणाले. बाजूचे लोक हसले. त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत मात्र पाणी होते. निघताना मिस्त्री इतकेच म्हणाले, “माफ केलं, असं नाय म्हणत मी. जमलं तर येईन.”

हे सारे लिहावे की नाही, असे मी व्याह्यांना विचारले. ते म्हणाले, “हेच लिहा, इवाई. बाकीचं राहिलं तरी चालेल.” मिस्त्री आता एखाद्या रविवारी येतात, एखाद्या रविवारी येत नाहीत. येतात तेव्हा व्याही चित्र थांबवतात आणि निकाल त्यांच्यावर सोडतात.

वाचकहो, आपल्या घरी अन्न, आरोग्य आणि सौमनस्य नांदो. कोणाच्या ओठांवर एखादे सत्य अडून राहिले असेल, तर ऐकणारा हयात आहे तोवर ते बाहेर पडण्याचे बळ भगवंत त्यास देवो. शुभं भवतु.