नाय म्हाराजा

गुरुजींनी माझ्या गळ्यात बांगडे घातले. हातातल्या बांगड्या नव्हेत. खारवलेले, सुके बांगडे, सुतळीत ओवलेले.

ते बांगडे माझ्या आईचेच होते. सकाळी तिने केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिले होते. "ह्या गुरुजींक दी. सांग, आवशीन धाडल्यान. माज्या चेडवाकडे वायच बघा म्हणान." आमच्या रापणकरांच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या घरात कुणाला द्यावं असं दुसरं काय होतं? गुरुजी घाटावरचे, मोठ्या घरचे. मासळीला शिवत नसत. आईला ते ठाऊक नव्हतं. मासळी खात नाही असा माणूसच तिने कधी पाहिला नव्हता.

गुरुजींनी नाकाला उपरणं लावलं. पुडी जमिनीवर ठेवायला सांगितली. मग मला धडा वाचायला उभं केलं. मी पहिल्याच ओळीत अडकले. नेहमीसारखी.

त्यांनी खोताच्या मुलाला हाक मारली. "ओव रे ते सुतळीत. हिला अक्षरं ओळखू येत नाहीत, हे तरी ओळखू येतील."

सगळी शाळा हसली. खोताचा मुलगा गालातल्या गालात हसत गाठ मारत होता. शाळा सुटेपर्यंत मी दाराशी बसले. मिठाने मान चुरचुरत होती. एक मांजर येऊन माझ्यासमोर बसलं ते हललंच नाही. त्या मांजराचासुद्धा मला राग आला.

घरी आईने विचारलं, "घेतल्यानी?"

"घेतल्यानी."

ती एवढी खूश झाली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ढ नव्हते. हे आज ठणकावून सांगते, तेव्हा सांगता आलं नाही. एकदा ऐकलेलं मी विसरत नसे. कविता, पाढे, दशावतारातली सोंगांची भाषणं, सगळं तोंडपाठ. पण पुस्तक उघडलं की अक्षरं जागेवर राहत नसत. घ चा ध होई, भ चा म होई. काना शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटे. भरतीच्या पाण्यात तळाचे शिंपले पाहावेत तसं. दिसतात, पण हात घातला की तिथे नसतात. आता त्याला डॉक्टरांचा शब्द आहे, डिस्लेक्सिया. अशा मुलांना कसं शिकवायचं त्याची पुस्तकं आहेत. तेव्हा आमच्याकडे दोनच शब्द होते. गुरुजी म्हणत मठ्ठ. शेजारणी म्हणत बाधा. आईने तीन वाटांची माती आणून माझी दृष्ट काढली. अक्षरं तरीही हलतच राहिली.

मला एकच कळत नव्हतं. रापण ओढताना किनाऱ्यावर जो दोरीला हात लावतो त्याला वाटा मिळतो. म्हातारा असो, लंगडा असो, शेंबडं पोर असो. जाळं वाळूवर आलं की मूठभर का होईना, मासळी त्याच्या टोपलीत पडते. ही आमची रीत. दोरीला हात लावलेला माणूस रिकामा परत जात नाही. मग मी रोज शाळेत जात होते, रोज ओढत होते. माझा वाटा कुठे होता?

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. त्याच सुमारास गावं साक्षर करायची टूम आली. संध्याकाळी शाळेत मोठ्यांचे वर्ग भरू लागले. कसालच्या बाजारात सुकी मासळी विकून आलेली आई पाय धुऊन तशीच वर्गाला जाई. पावसाळा संपेपर्यंत तिला वाचता यायला लागलं. चुलीपुढच्या राखेत तिने बोटाने नाव लिहिलं. "बघ गो. ह्या माजा नाव." मी मान डोलावली. मला ते वाचता आलं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग बातमी आली. मोठा साहेब येणार. देवळात समारंभ होणार. गाव पुरा साक्षर झाला असं जाहीर होणार, गुरुजींचा सत्कार होणार. गावात एकच अक्षरशत्रू उरला होता. मी.

गुरुजींनी मला एकटीला थांबवून घेतलं. ओरडले नाहीत. त्यांचा तो गोड आवाज मला छडीपेक्षा भयंकर वाटला. त्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचून दाखवला आणि माझ्याकडून घोकून घेतला. "पुस्तकावर बोट फिरव आणि म्हण. साहेबांना तेवढं पुरे."

मी विचारलं, "आणि मगे?"

"मग काय? साक्षर झालीस. पटावरून नाव काढून टाकीन. पोरीच्या जातीला आणखी शाळा कशाला? जा मासे विकायला."

म्हणजे माझं शिकणं संपणार होतं. सुरू होण्याआधीच. शिकली असा शिक्का बसला की मला पुन्हा कोण शिकवणार होतं? साप अंगावरून जात असताना माणूस निपचित पडून राहतो, तशी मी ते दिवस राहिले. त्यात रापणीला मासळी लागेना. समुद्र काळा, गप्प. म्हातारे म्हणत, गावात काहीतरी खोटं चाललंय. ते ऐकलं की मला गुरुजींचा उतारा आठवे.

समारंभाच्या दिवशी फोंडाघाट उतरून साहेबांची जीप आली. देऊळ माणसांनी भरलं. मी उभी राहिले, बोट फिरवलं, उतारा घडाघडा म्हटला. टाळ्या पडल्या. बायकांत बसलेली आई पदराने डोळे पुसत होती. माझं चेडू वाचतं, असं तिला खरंच वाटलं. त्या पदराकडे बघून मला स्वतःची किळस आली.

गुरुजींनी साहेबांची सगळी तयारी केली होती. देवाची केली नव्हती. ते बाहेरचे. गाऱ्हाणं म्हणजे त्यांना नारळ फोडण्याआधीची गंमत वाटे. आम्हाला तसं वाटत नाही. गाऱ्हाण्यात जे बोललं जातं ते देवाला दिलेलं वचन. त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारा प्रत्येक जण त्या वचनाला जामीन. कुणी 'नाय' म्हटलं तर नारळ फुटत नाही.

गाऱ्हाणं घालायचा मान गावकरांचा. त्यांनी नारळ वर धरला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या गावातसून अडाणीपण गेला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ल्हानथोर सगळ्यांका वाचूक येता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आई म्हणाली. बाबा म्हणाले. सगळ्या गावाचा एक आवाज. तो विरला आणि त्याच्या मागून माझा आला.

"नाय म्हाराजा."

समईची वात तडतडलेली ऐकू आली. गावकरांचा हात वरच राहिला. "कोण बोलला ता?"

"मी बोललंय. माका वाचूक येणा नाय. गुरुजींनी माज्याकडसून पाठ करून घेतल्यानी."

गुरुजी हसायला गेले. साहेब हसले नाहीत. गावकरांनी नारळ हळूच खाली ठेवला. न फोडता. देवळातल्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुजींकडे कुणी पाहिलं नाही. माझ्याकडेच. खोटं त्यांनी वदवलं आणि अपशकुनी मी ठरले.

घरी आईचा हात उठला. "देवासमोर कित्याक तोंड उघडलंस गो?"

तेव्हा मी तिला बांगड्यांची माळ सांगितली. मांजरासकट सगळी. तिचा हात हवेतच थांबला. एवढंच म्हणाली, "ते बांगडे मी पावसात खावक राखललंय गो." आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रापणीच्या दोरीला लागले तेव्हा शेजारचे दोघे दोरी सोडून पलीकडे गेले. बाबांनी मान वर केली नाही. "चेडू खोटा बोलूक नाय," म्हणाले, आणि ओढत राहिले. त्या मोसमात जे जे वाईट झालं ते माझ्या नावावर लागणार, हे मला तिथेच कळलं. भीती वाटली. खूप वाटली. मी पाटी घेतली आणि शाळेची वाट धरली.

गुरुजी दारात उभे होते. "तुझं नाव काढलंय."

मी त्यांच्या बाजूने आत गेले. दाराशी बसले नाही. फळ्याखाली, अगदी पुढे बसले. त्या माळेच्या सुतळीचा उरलेला तुकडा अजून फळ्याच्या खिळ्याला लटकत होता.

"मी दोरयेक हात लावलंय, गुरुजी. माजो वाटो घेतल्याशिवाय मी उठूचंय नाय."

त्यांनी छडी उचलली. "हात पुढे कर."

मी केला नाही.