दगडांपाशी उलगडलेली वंशावळ

खरं सांगते, त्या दिवशी मी महाकालीशी भांडूनच चंद्रपुरातून निघाले होते. "आई, ही चौथी खेप. आज त्या माणसाचं तोंड उघडलं नाही, तर तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही," असं तिला ठणकावून आले होते. माझं डोकं मुळातच गरम, त्यात एका पेशंटच्या पोरीच्या जिवाचा प्रश्न.

मी नर्स. बोन मॅरोचा, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मगजाचा आजार ज्या घरांत पिढीजात चालत येतो, तिथे तोंडाचा कॅन्सरही होऊ शकतो; तो कोणाकोणाला झाला हे आमचे डॉक्टर शोधतात. घरोघरी विचारत मी फिरते. अहेरीपलीकडच्या एका गावात त्या आजाराने एक मुलगा गेला होता. त्याची बहीण रुक्मी एकोणीस वर्षांची. तिच्या जिभेवर एक जखम, काही केल्या भरत नव्हती. तिला लगेच तपासायला न्यायचं होतं, पण बाप अडून बसलेला. "आमच्या घरी असं कोनालेच नाई झालं," एवढंच म्हणायचा.

त्याही दिवशी तेच. घरातल्यांचे आजार लिहायचा फॉर्म मी काढला आणि तो उठून बाहेर गेला. मी अगदी रडकुंडीला आले. तेवढ्यात पडवीतली एक अनोळखी म्हातारी बोलली. ती रुक्मीच्या बापाची आत्या, दूरच्या गावी दिलेली. कित्येक वर्षांनी नेमकी त्याच सकाळी आली होती.

"काऊन वो बाई, मेलेल्यायची गोष्ट घरात, चुलीपाशी काढून राह्यलीस? चाल माह्यासंग."

गावाबाहेर मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले दगड होते. दर खेपेला मी त्यांच्या शेजारून गेले होते, कधी थांबले नव्हते. म्हातारी एकेका दगडाला हात लावून सांगू लागली. हा तिचा भाऊ, तोंडात गाठ. ही बहीण, अंगात रक्तच उरलं नाही. हा पुतण्या, पुन्हा तोंडच. मी लिहीत गेले. बाप केव्हा मागे येऊन उभा राहिला, कळलंच नाही. शेवटचा, सगळ्यात नवा दगड त्याच्या पोराचा. त्यावर हात ठेवून तो खाली बसला.

"घेऊन जा बाई पोरीले," तो म्हणाला.

जखम कॅन्सरचीच निघाली, पण वेळेत सापडली. ऑपरेशन झालं. परवा रुक्मीने माझ्यासमोर मिरचीचा ठेचा खाल्ला. माझे डोळे भरून आले तशी हसली, "खाल्ला म्या, अन् तुमाले काऊन झोंबला?"

आत्याला त्या सकाळी कोणी आणलं, हे मी विचारत नाही. देवीची माफी मागून आले. हट्ट माझा होता, वाट तिची. हल्ली गावात शिरण्याआधी चपला काढून त्या दगडांपाशी बसते. शेवटच्या दगडाच्या बाजूला जागा मोकळी आहे. आई, ती मोकळीच राहू दे.